शेजारच्या खुर्चीवरचे मास्तर

पाच-सहा वर्षांपूर्वी यवतमाळच्या एका साप्ताहिकात एका चित्रपटाविषयी पत्र छापून आलं होतं. खाली सही होती, ‘एक प्रेक्षक’. तो प्रेक्षक मी होतो. हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते आमचे लक्ष्मणमास्तर गेल्या महिन्यात वारले. शाळेच्या शिपायाने वर्गाच्या दारात येऊन सांगितलं, “गुरुजी, शिंपीमास्तर गेले जी. मशीनवर बसल्या बसल्याच.” मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलांना वाटलं, मी पुढचं उदाहरण लिहिणार आहे... आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र ते पत्र आलं. माणूस गेल्यावर आधी त्याचा चेहरा आठवावा. मला माझं अक्षर आठवलं.

छप्पन साली मी दारव्ह्याच्या हायस्कुलात रुजू झालो तेव्हा गावात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. सदरा शिवायला म्हणून बाजारातल्या त्यांच्या दुकानात गेलो आणि तिथलाच झालो. मास्तर माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. दुकान म्हणजे एक लांबट खोली. दाराशी शिलाई मशीन आणि आतल्या भिंतीला पायाने भाता हलवून वाजवायची पायपेटी, गावच्या नाटक मंडळींची. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून मंडळींच्या जुन्या मखमली पडद्याचा झगा होता, मास्तरांनीच शिवलेला. दिवसभर पाय मशीनवर चालायचे आणि दिवेलागणीला तेच पाय पेटीवर. “कामात काही फरक नाही पाहा गुरुजी,” ते म्हणायचे, “पाय हालवाचे आन् हात सरळ ठेवाचे.”

गणपतीत गावची मंडळी दरवर्षी एकच संगीत नाटक करायची. पात्रं ठरलेली, चुकाही ठरलेल्या. नायिकेचं काम आमचे तलाठी करायचे आणि भाद्रपद लागला की जड मनाने मिशी उतरवायचे. मास्तर पेटीवर, आणि मी पहिल्याच वर्षापासून प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन मी उभा असायचो, तिथून मास्तरांचे पाय मला नीट दिसत. पद रंगलं की प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ यायचा. तलाठी घाईने पुन्हा सुरू करू पाहायचे, पण मास्तर लगेच सूर देत नसत. आधी प्रेक्षकांकडे बघून हात जोडायचे, मग मुखडा दोनदा घोळवायचे. तेवढ्यात गाणाऱ्याने दम घ्यायचा. मी एकदा विचारलं, “मास्तर, वन्स मोअर तलाठ्यांना, नमस्कार तुम्ही काहून करता?” ते म्हणाले, “लोकायनं आयकलं ना जी. आयकनाराले नमस्कार करा लागते. आन् आपुन आयकाले बसलो तं आपल्यालेबी बोला लागते. चुपचाप उठून गेलं तं थे चोरी झाली.”

मग त्याच नाटकावरून काढलेला चित्रपट यवतमाळला लागला. मंडळींतले बाकीचे नंतर जाऊ म्हणाले. मास्तरांना धीर नव्हता. एका रविवारी आम्ही दोघं छोट्या रुळांच्या गाडीने निघालो. त्यांनी लग्नातला कोट घातला होता. चार तांब्या-पितळेची भांडी, दोन कोंबड्या आणि माणसांची दाटी, यात तो कोट चुरगळू नये म्हणून ते दारव्ह्यापासून यवतमाळपर्यंत उभे राहिले.

दुपारचा खेळ होता. चित्रपट सुरू झाला आणि मी हरखून गेलो. आमच्या नाटकात रंगवलेल्या पडद्यावर असलेली नदी इथे खरी वाहत होती. नायिकेला मिशी उतरवावी लागलेली नव्हती. मास्तर मात्र अस्वस्थ होते. नांदी नाही, सूत्रधार नाही, वीस-बावीस पदांतली चार-पाचच उरलेली. एक पद सुरू होता होता कापलं तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. “गुरुजी, अंतरा खाल्ला.” मी गप्प राहा म्हणून खूण केली. मग नायिकेचं निरोपाचं पद आलं. ते मात्र पुरं ठेवलेलं होतं. ती बाई खरोखरच सुंदर गायली. अंधारात मला जाणवलं, मास्तरांचे पाय खुर्चीखाली चालत होते. ते तिची साथ करत होते.

पद संपलं. मास्तर उठून उभे राहिले, पडद्याकडे बघून हात जोडले आणि मोठ्याने म्हणाले, “वन्स मोअर!”

सगळं थिएटर हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, “ओ बुवा, मशीनवाल्याले सांगा! रीळ उलटं फिरवन तो!” पुन्हा हशा. आमच्या पुढच्या रांगेत आमच्याच शाळेत नुकतेच आलेले इंग्रजीचे सर बसले होते. दारव्ह्यात नवे, मास्तरांना ओळखत नव्हते. ते मागे वळले, हसू आवरत मला म्हणाले, “तुमच्यासोबत आहेत का हे?”

मी म्हणालो, “नाही. शेजारी बसलेत.”

मास्तर तेव्हा खाली बसत होते. त्यांनी ऐकलं. ऐकलं नसावं असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला समजावत राहिलो, पण त्यांनी कोटाचं टोक माझ्या खुर्चीवरून उचलून आपल्या बाजूला घेतलं, ते मी पाहिलं होतं.

परतीच्या गाडीत ते नेहमीसारखेच बोलले. मीच न राहवून म्हणालो, “मास्तर, पडदा काही पुन्हा गात नसतो.” ते हसले. “थे मले समजत नाही काय जी? मी काय येडा हाय? पन बाई चांगली गायली. तिले तं आयकू जानार नाही, मालूम हाय. मंग आपुन बोलाचंच नाही काय?” मी खिडकीबाहेरची पऱ्हाटी, कापसाची शेतं बघत बसलो.

म्हणजे त्यांनी हाक का दिली ते मला पुरतं ठाऊक होतं. तरीही चार दिवसांनी मी ते पत्र लिहिलं. शिक्षकांच्या खोलीत इंग्रजीच्या सरांनी ‘वन्स मोअरवाल्या बुवां’ची गोष्ट रंगवून सांगितली, सगळे हसले, मीही हसलो. त्या हसणाऱ्यांत मला पक्की जागा हवी होती, दुसरं काही नाही. चित्रपटाची स्तुती केली, संगीत नाटकाचे दिवस सरले असं ठणकावलं आणि शेवटी लिहिलं, की एक खेडवळ नाट्यवेडा पडद्यालाच वन्स मोअर देत होता, अंधारात खुर्चीखाली त्याचे पाय पेटी वाजवल्यासारखे हलत होते, अशांना आपण कुठे बसलो आहोत हे कोण सांगणार?

दर शनिवारी ते साप्ताहिक मीच मास्तरांच्या दुकानात मोठ्याने वाचून दाखवायचो. मशीन चालू असे, मजकूर रंगला की थांबे. त्या शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरी राहिलो. दुकानात बसणाऱ्या दुसऱ्या कुणीतरी ते वाचून दाखवलं. गावाला कळायला वेळ लागला नाही की हा बुवा कोण. त्या वर्षी गणपतीत मास्तर म्हणाले, गुडघे दुखतात, पेटीवर बसवत नाही. मशीनवर मात्र ते रोज बसत होते. पेटीवाचून नाटक झालं नाही. पुढच्या वर्षी तलाठ्यांची बदली झाली आणि मंडळी मोडली ती मोडलीच.

मी दुकानात जात राहिलो. वाचत राहिलो. त्यांनी माझे सदरे शिवले, कधी माप न घेता. पेटीवरचा झगा मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी एकदाही मला विचारलं नाही, आणि मी ते माझं नशीब समजलो...

मास्तरांचे दिवस झाल्यावर त्यांच्या पत्नीचा, वहिनींचा निरोप आला, तुमचा सदरा तयार आहे, घेऊन जा. मी गेलो. सदरा मास्तरांनी शिवून ठेवला होता, काजं तेवढी राहिली होती, ती वहिनींनी केली होती. तो हातात घेतला, काजांवरून बोट फिरवलं. मी म्हणालो, “वहिनी, ते पत्र मी लिहिलं होतं.”

“मालूम हाय,” वहिनी म्हणाल्या. “त्यायले पयल्याच दिवशी समजलं. म्हनले, अंधारात माहे पाय कोनाले दिसले असन? बाजूले तं गुरुजीच होते.”

“मग मला काहीच कसे बोलले नाहीत?”

“मी म्हनलं ना त्यायले, इचारा म्हनून. तं म्हनले, इचारलं तं गुरुजी दुकानात याचे बंद होतीन. मंग वाचन कोन?” त्यांनी काजाचा एक सुटा दोरा तोडला. “तुमी सांगान म्हनून वाट पाह्यली जी त्यायनं. शनिवार आला का म्हनत, आज सांगतीन.”

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हात हलवला. “मले कायले? थ्या पेटीपाशी बसा अन् त्यायले सांगा.” आणि त्या आत निघून गेल्या.

मी झगा काढला. घडी घातली, जशी ते घालायचे तशी. स्टुलावर बसून पाय खाली ठेवले. मला वाजवता येत नाही, त्यामुळे पट्ट्यांना हात लावला नाही. नुसते पाय हलवले. इतक्या वर्षांनीही भात्याने हवा घेतली, सोडली, पुन्हा घेतली. मी थांबलो, मास्तर थांबायचे तसा, आणि मशीनच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हात जोडले.

“मास्तर, बाई चांगली गायली होती. तुम्ही बोललात ते बरोबर होतं. मला माफ करा,” मी म्हणालो. मग इंग्रजीच्या सरांनी त्या दिवशी थिएटरात विचारलं होतं त्याचं उत्तर दिलं. दुकानाचं दार उघडं होतं, रस्त्याने माणसं जात होती, म्हणून मुद्दाम मोठ्याने दिलं.

“हो. हे माझ्यासोबत आहेत.”