‘थ्रो आउट’ करून दाखवताना

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. कोणी विचारलंच तर म्हणायचो, भातकापणी आली म्हणून काकांनी क्लास सोडला. ते खोटं होतं.

नव्वदच्या दशकात विरार पूर्वेला, फुलपाड्यात, मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवायचो. नायगावच्या खाडीकडचे एक शेतकरी यायचे, माझ्याहून थोडे मोठे; सगळे त्यांना काका म्हणायचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “पोरीच्या शालंन मिटिंगला बाई इंग्लिश बोलतान. मी नुसती मान हलवतो. तेवढा कलला तरी बास.”

त्या दिवशी धडा ‘थ्रो आउट’चा होता. एका नोकरदार बाईंनी विचारलं, “सर, ‘गो आउट’मध्ये आणि यात फरक काय?”

मागून कोणीतरी म्हणालं, “करूनच दाखवा की.”

करून दाखवायची मला हौसच होती. दाराजवळ बसलेल्या त्या काकांना उठवलं, दंड धरला आणि ढकलत बाहेर काढलं. ते आपणहून निघाले असते तर ‘गो आउट’. मनात नसताना मी जोर लावून काढलं, म्हणून ‘थ्रो आउट’. वर्ग हसला. काकाही बाहेर कसंनुसं हसले आणि आत यायला निघाले.

“थांबा काका, वाक्यं व्हायचीत अजून,” म्हणत मी दार लोटलं.

एकेक जण वाक्य करू लागला. घरमालकाने भाडेकरूला, साहेबाने कारकुनाला. मग एक जण म्हणाला, “सरांनी काकांना, कारण ते पाण्याला पानी म्हणतात.” मी हसलो. वाक्य बरोबर आहे, असंही म्हणालो. दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. बाकावर त्यांची वही राहिली होती.

महिन्याभराने ती द्यायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि बायकोला सांगितलं, “ये माजे सर. शिकवायचे बेस, माज्याच डोक्यान शिरत नव्हता.”

ती म्हणाली, “आता मिटिंगला मनाच धारतान, सोता जात नाय.”

तिच्यासमोर मी तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द जुळवूनच गेलो होतो. पण मी चहा प्यायलो, यंदा भात कसं आहे ते विचारलं आणि उठलो.

ते आता हयात नाहीत. काका, तुम्ही क्लास सोडला नव्हता, मी तुम्हाला हाकललं होतं. तुमच्या डोक्यात काही कमी नव्हतं. मला माफ करा.