सीआरपीची चहाडी

माझ्याच रक्तानं माझी चहाडी केली.

जळकोटात कुणाच्या पायात काटा मोडला की तो लंगडत माझ्या ओट्यावर येतो. टोपीत टोचलेली सुई काढायची, उकिडवं बसायचं, काटा बाहेर! शाळेनं मला दुसरीत सोडलं (म्या तिला न्हाय), पण ह्या कामात आपला हात धरणारा अख्ख्या तालुक्यात सापडायचा न्हाय. मागं माझ्याच टाचेत बाभळीचा काटा घुसला, तोही म्याच उपटला.

मग रोज संध्याकाळी अंगात कणकण यायला लागली. पोरानं दवाखान्यात नेलं. तरण्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आबा, सीआरपी लई वाढलंय. अंगात कुठंतरी सूज आहे."

"कुठं?"

"ते ही तपासणी सांगत नाही. कुत्रं भुंकलं की कुणीतरी आलंय एवढं कळतं. चोर का पाव्हणा, ते आपण बघायचं. कुठं दुखतंय का?"

"कुठंच न्हाय!"

(टाच ठसठसत होती. पण तिथला काटा म्या काढलेला! तिचं नाव कशाला घ्यायचं?)

वा रे विद्या! एवढं शिकून कुत्रं पाळलं, आणि चोर म्या शोधायचा!

घरात झडती सुरू झाली. बायकोनं पोट दाबलं, पोरानं बॅटरी मारून घसा बघितला, सून म्हणाली, "मामा, दात दाखवा." बैलबाजारात बैलालासुद्धा एवढं कुणी बघत न्हाय! म्या ठणकावलं, "मशीनच बिघडलंय. आधी हिचं रक्त तपासा!"

तपासलं. हिचं सीआरपी एकदम ठीक. (मशीनही हिला भितंय!)

"आबा, आतमधी काय भलतं निघालं म्हंजे?" म्हणत पोरानं सोलापूरला न्यायला जीप सांगितली.

जीप दारात आली, तेवढ्यात शेजारचे बशीरभाई लंगडत आले. "आबा, काटा मोडला बघा."

आता बघा म्हणावं, आजारी माणूस कसा असतो! सगळ्यांकडं तोऱ्यात बघत म्या सुई काढली, उकिडवा बसलो, सगळा भार टाचेवर पडला, आणि अशी बोंब ठोकली की बशीरभाईच उठून पळाले! (लंगडतच.)

बायकोनं माझा पाय धरला. "आवं, ही टाच तर भाकरीवानी फुगलीया!"

जीप सोलापूरऐवजी गावातल्याच दवाखान्यात गेली. डॉक्टरनं टाच चिरली, राहिलेला अर्धा काटा माझ्या तळहातावर ठेवला. "चोर सापडला, आबा."

दारातून आवाज आला. बशीरभाई! "डॉक्टरसाब, आता माझाबी तुम्हीच काढा."

कणकण गेली, आकडा उतरला. सुई मात्र अजून माझ्या टोपीतच असते. म्हंजे परवापर्यंत होती. सुनेनं गोधडी शिवायला मागितली.

दिली.