साळवे सर आणि रामनाथरावांचा वाढदिवस

दिवाकर साळवे सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते भर भांडणात. मी नुकतीच नोकरीला लागले होते. जालना रोडवरच्या आमच्या मुख्य कार्यालयात चितेगाव, शेंद्रा आणि बिडकीन या तिन्ही कारखान्यांचे विभागप्रमुख जमले होते आणि सगळे मिळून एका शांत गृहस्थांवर तुटून पडले होते. गृहस्थ बिनदुधाचा चहा पीत होते. सगळ्यांचा दम संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारले, "कामगाराच्या पत्त्याचा मालक कोण? त्यांनी उभं राहावं."

कुणी उभे राहिले नाही. बैठक तशीच मोडली. बाहेर पडताना मी शेजारच्या सहकाऱ्याला हे कोण म्हणून विचारले, तर तो म्हणाला, "तुझे साहेब."

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी संपादक मंडळाने मला त्यांच्या तांत्रिक कामाविषयी लिहायला सांगितले आहे. प्रसंग आनंदाचा आहे, तेव्हा जरा हलकेफुलके लिहा, अशी सूचनाही केली आहे. ती पाळणे मला जमेल असे वाटत नाही. ज्या कामाचा गौरव करायचा ते काम याच वर्षी आम्ही आमच्या हातांनी बंद केले, हे वाचकांना ठाऊक असलेले बरे.

ते काम काय होते, हे संगणकाशी संबंध नसलेल्यांनाही सांगता येण्यासारखे आहे. आमच्या समूहात प्रत्येक विभागाचा आपापला प्रोग्राम होता. पगाराचा वेगळा, गेटवरच्या हजेरीचा वेगळा, कँटीनचा वेगळा. प्रत्येकात त्याच कामगारांची नावे पुन्हा भरलेली असत आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नसे. कामगाराने घर बदलले की त्याला दारोदार सांगत फिरावे लागे. सरांनी ही पद्धत मोडली. माहिती एकाच विभागाने सांभाळायची. बाकीच्या प्रोग्रामांनी ती आपल्याकडे उतरवून ठेवायची नाही, हवी तेव्हा त्या विभागाच्या प्रोग्रामला विचारायची. विचारण्याच्या अशा प्रत्येक सोयीला आम्ही 'सेवा' म्हणत असू आणि या साऱ्या रचनेला सेवाधारित रचना. ऐकायला सोपे आहे. पण माहिती सोडणे म्हणजे खुर्ची सोडणे, असे मानणारी माणसे मोठ्या संस्थांत खंडीभर असतात. सरांची निम्मी नोकरी त्यांची समजूत घालण्यात गेली.

सेवा लिहायला घेण्याआधी मालकाने सर्वांसमोर उभे राहून "ही माहिती माझी, चुकली तर मी जबाबदार" असे तोंडाने म्हणायचे, हा सरांचा नेम होता. आम्ही तरुण मंडळी पाठीमागे त्याला 'शपथविधी' म्हणून हसायचो. हळूहळू लोक उभे राहू लागले. पत्त्याला मालक मिळाला, रजेला मिळाला. एका बैठकीत सरांनी विचारले, की नोकरीत असताना जे कामगार वारले त्यांच्या माहितीचा मालक कोण? पगारवाले म्हणाले, हिशेब चुकता झाला की आमचा संबंध संपला. बाकीच्यांनीही हात झटकले. तेव्हा सर स्वतः उभे राहिले आणि ते वाक्य म्हणाले. त्या दिवशी कुणी हसले नाही.

सरांच्या हातून एक चूक झाली. गौरवलेखात चूक लिहू नये म्हणतात, पण सरांनी ती कधी लपवली नाही. कामगार कल्याण विभाग वाढदिवसाच्या शुभेच्छा मोबाइलवर पाठवत असे. आमची सेवा तेव्हा संथ होती, दिवाळी तोंडावर होती आणि कल्याण अधिकारी रोज डोके खात होते. शेवटी सरांनी त्यांना नावांची एक प्रत स्वतःकडे ठेवायला तात्पुरती परवानगी दिली. आपल्याकडे तात्पुरती गोष्ट किती टिकते, हे काय सांगायचे!

चितेगावच्या कारखान्यातले रामनाथराव करमाडचे. ड्युटीवर असतानाच हृदयविकाराने गेले. सरांच्या विभागाने त्याच दिवशी नोंद केली आणि सगळे प्रोग्राम ती नोंद वाचून शहाण्यासारखे वागले. कुटुंबाला सारे देणे वेळेवर पोचले. कल्याण विभागाच्या प्रतीत मात्र ती नोंद नव्हती आणि पुढच्या वाढदिवसाला रामनाथरावांच्या नंबरवर संदेश गेला: प्रिय रामनाथ, आपणांस दीर्घायुष्य लाभो. फोन त्यांच्या पत्नी शोभाबाईंजवळ होता. दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर तोच फोन घेऊन गेटवर आले. "माझा भाऊ मेला त्ये तुमच्या कंपनीला म्हाईत नाय का?" एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

कल्याण विभागाने संगणकावर बोट दाखवले. सर मात्र त्याच दिवशी करमाडला गेले आणि परवानगी आपण दिली होती, असे सांगून त्यांनी हात जोडले. मी सोबत होते. दीर बराच वेळ बोलत राहिले. शोभाबाई तो फोन हातात धरून दाराशी उभ्या होत्या.

त्यानंतर सर प्रत्येक विभागात शिरून अशा प्रती शोधून पुसू लागले. ज्यांच्या प्रती गेल्या ते दुखावले. सरांची बढती दोनदा हुकली, त्याचे कारण कुणी कागदावर लिहिले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते. सर मात्र कुणावर चिडले नाहीत. एकदा माझ्या हातून बिडकीनच्या गेटवरची हजेरी तासभर बंद पडली आणि कामगार उन्हात खोळंबले. बैठकीत सरांनी माझे नाव घेतलेच नाही. सेवेचा मालक मी, एवढेच म्हणाले. नंतर मला बोलावून आधी जेवलीस का ते विचारले आणि मग तासभर माझी चूक समजावून सांगितली. माझे वडील गेल्यानंतर मला असे जपून बोलणारे दुसरे कुणी भेटले नाही.

यंदा वरिष्ठांनी बाहेरून तयार यंत्रणा विकत घेतली. सर निवृत्त झाले आणि पाठोपाठ आमच्या सेवा एकेक करून बंद करायचे काम माझ्याकडे आले. नवी यंत्रणा भरताना कंत्राटदाराकडे कामाला असलेल्या मुलांनी मिळेल तिथली जुनी माहिती उचलली. कल्याण विभागाच्या कपाटात एका सीडीवर राहिलेली एक प्रतही त्यात होती. मी तपासले, तर रामनाथराव पुन्हा 'कार्यरत' झाले होते. मी तक्रार केली. पुढच्या टप्प्यात पाहू, असे उत्तर आले. वाढदिवस त्या टप्प्याच्या आधीच येत होता आणि शुभेच्छा नवी यंत्रणा आपोआप पाठवणार होती.

मी सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही करमाडला पोचलो. सरांच्या हाती आता कुठलाच अधिकार नव्हता, हात जोडणे तेवढे उरले होते. पुन्हा तसा संदेश येईल, मला तो थांबवता येत नाही, मनाला लावून घेऊ नका, असे त्यांनी खाली बघत सांगितले. शोभाबाईंनी ऐकून घेतले. आता दीर वेगळे राहत होते, घरात त्या एकट्याच होत्या.

"येऊ द्या साहेब," त्या म्हणाल्या. "मागं तुमी त्यो बंद केला, तवा फुडच्या वाढदिवशी मी लई वेळ फोन धरून बसले व्हते. घरात त्यांचं नाव कुणी घेत नाय आता. त्यात तेवढं आलं व्हतं."

परतताना चिकलठाण्यापाशी सर म्हणाले, "सगळ्यांना विचारलं गं. बंद करताना तिला तेवढं विचारायचं राहिलं." त्यांचे डोळे भरलेले मी त्या एकाच वेळी पाहिले. मलाही रडू आवरले नाही, हे इथे लिहायला लाज वाटत नाही. ठरल्या तारखेला संदेश गेला.

ज्या कामासाठी आयुष्य वेचले ते डोळ्यांदेखत पुसले जाताना माणसाने कसे वागावे, हे सरांकडून शिकावे. सर अजूनही आमच्याशी प्रेमाने बोलतात, नव्या यंत्रणेतल्या मुलांच्या अडचणीही फोनवर सोडवतात. त्यांचे गुडघे धड राहोत, साखर ताब्यात राहो, बिनदुधाचा चहा त्यांना अनेक वर्षे गोड लागो आणि आम्हाला त्यांच्या पायरीवर बसायला मिळत राहो, एवढीच माझी इच्छा आहे. आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. नव्या यंत्रणेत सरांच्या नावापुढेही अजून 'कार्यरत' असेच दिसते. ती चूक माझ्या लक्षात आली आहे. मी ती कुणाला कळवलेली नाही.