पेशींना वेळ द्या

“हळू हात लाव. त्याला कळतं.” भूल दिलेल्या उंदराचं पोट उघडलं की बाई हे म्हणायच्याच. त्याला म्हणजे आतड्याला. परळच्या एका इस्पितळामागे आमची प्रयोगशाळा होती. बाई डॉक्टर, मी त्यांचा टेक्निशियन.

त्यांचं काम तुम्हाला साधं वाटेल. शस्त्रक्रियेत आतडं कापलं नाही, नुसतं हाताळलं, तरी त्याच्या अस्तरातल्या पेशी काही काळ ऊर्जा कमी तयार करतात. किती कमी, आणि त्या सावरतात कधी, हे बाई वर्षानुवर्षं मोजत होत्या. एकदा माझा हात जोरात लागला. त्यांनी उंदराची माफी मागितली, माझ्याकडे न बघता.

संपात वडिलांची गिरणी बंद होऊन बरेच महिने झाले होते. तेव्हा त्यांच्या आतड्याला पीळ पडला. आमच्याच इस्पितळात ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी आई लालबागहून पेजेचा डबा घेऊन आली. पोटात काही गेल्याशिवाय ताकद कशी येणार, हे तिचं म्हणणं. ती ऐकेना, म्हणून मी बाईंना बोलावलं.

बाई खाटेवर टेकल्या. आईला म्हणाल्या, “पीळ सुटलाय. पण आतल्या पेशींनी काम थांबवलंय. आत्ता त्यांच्यावर भार नको.”

वडील डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, “तेंच्यो मागण्यो काय?”

“थोडा वेळ. बाकी काही नाही.”

आईने डबा परत नेला. पुढे वडिलांचं पोट पुन्हा वाजू लागलं, तेव्हा बाईंनी स्वतः स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि पेजेला परवानगी दिली.

वडील बरे झाले. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. ते चाळीच्या गॅलरीत बसून राहत; त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. बाई मात्र कामावर आल्या की विचारत, “बाबा जेवतात ना?” मी हो म्हणायचो.

काही वर्षांनी बाईंच्याच आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर भेटायला गेलो. दुखतंय का, विचारलं.

“काही वाटतच नाही रे,” त्या म्हणाल्या. “पोट दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं.”

त्या दुखण्यातून त्या परत आल्या नाहीत. प्रयोगशाळेची खोली ऑफिसला मिळाली आणि फ्रीज रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. आत गोठवलेल्या नमुन्यांच्या कुप्या होत्या, प्रत्येकीवर बाईंचं बारीक अक्षर. मी प्लग काढला. बर्फाचं पाणी फरशीवर पसरत गेलं, चपलेखाली आलं. मी स्टुलावर बसून होतो.