मनगटापासून कोपरापर्यंत

लातूर शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम पालकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, फिजिक्सच्या ज्या सरांची चप्पल वाजली तरी क्लासमधली पोरं श्वास रोखतात, ते सर बालरुग्णालयात दोन्ही मुठींत पांघरूण धरून उभे होते आणि सोडायला तयार नव्हते. सर म्हणजे माझे यजमान. पांघरुणाखाली आमची चार वर्षांची लेक, मैत्री.

"फेब्राइल कन्व्हल्शन," डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे तापामुळे लहान मुलांना येणारी आकडी. घरी तिचे डोळे फिरले, हातपाय ताठले, तेव्हा तिला उचलून आम्ही इथं धावत आलो होतो. "आकडी थांबलीय. औषध दिलंय. पण गुंडाळू नका, अंग मोकळं ठेवा."

डॉक्टर वळले, की सरांनी पांघरूण परत गळ्यापर्यंत ओढलं.

"अहो, घाम सुटलाय तिला!"

"थंडी वाजायलीय तिला. तुला कळत न्हाई का?"

हसू नका. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये, भर पावसात, शाळकरी वयाच्या या माणसानं तान्ह्या बहिणीला पोटाशी घेऊन जपलं होतं. तेव्हापासून आजारी पोर दिसलं, की ते आधी पांघरूण शोधतात.

तीच बहीण, माझी नणंद सुजाता, पुढं चीनमध्ये एमबीबीएस करून आली. ती वॉर्डात शिरली, डॉक्टरांशी बोलली आणि वाटीत कोमट पाणी घेऊन आली.

"दादा, तिकडं तापलेल्या पोरांना मालीश करतात. त्वेना म्हणतात." तिनं दोन बोटं बुडवली आणि मैत्रीच्या हातावरून, आतल्या बाजूनं, मनगटापासून कोपरापर्यंत हलकेच नेली. "असं. उलटं यायचं न्हाई. जोर लावायचा न्हाई."

"यानं ताप उतरतो?"

"ताप औषध बघून घेईल. पोरीला बरं वाटंल. कर."

आता हात मोकळा हवा, म्हणून पांघरूण सरांनी स्वतःच बाजूला केलं! सुजातानं माझ्याकडं बघून डोळा मारला.

मग काय वर्णावं! फळ्यावर बाण काढावा तसे सर बोटं सरळ वर नेत होते. रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत मी बाकावर बसले, तेव्हा त्यांच्या हातांचा कंप थांबला होता. मैत्रीनं डोळे उघडले आणि गुपचूप दुसरा हात पुढं केला. अंग निवत चाललं होतं. रिपोर्टही चांगला आला, साधा व्हायरल.

तुमच्या घरी अशी वेळ आली, तर आधी डॉक्टर, मग मालीश. क्रम उलटा करू नका. आणि सुजातासारखी नणंद मिळाली, तर तिला जपा. त्या दिवशी तिनं एका वाटीत दोघांवर इलाज केला.

हे मला नंतर उमगलं. शेजारच्या कॉटवर नातवाला घेऊन बसलेल्या आजींना तेव्हाच कळलं होतं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ओ सर, हे आमच्या जावयाला बी शिकवा! पोरापेक्षा त्योच लई थरथरायलाय!"