पायाळू फिजिओथेरपिस्ट

"मशीनबिशीन कायबी नको. तू फकस्त पाय लाव पोरी, आन् मला घरी जाऊ दे."

निमगाव केतकीचे तात्या बारामतीच्या आमच्या हॉस्पिटलात तपासणीच्या टेबलावर पालथे पडून मला हे सांगत होते. नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी तिथं फिजिओथेरपिस्ट होते. शेक देणं, वजनं लावून कंबर ताणणं, व्यायाम शिकवणं हे माझं काम. गावाकडं मात्र माझी ख्याती वेगळीच होती आणि तात्या त्या ख्यातीवर विसंबून जीप करून आले होते.

मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाठीला तीनदा पाय लावला की भरलेली उसण जाते, असं आमच्याकडं पक्कं मानतात. त्यामुळं सातव्या-आठव्या वर्षीच माझी प्रॅक्टिस जोरात होती. मी तोंड धुवायच्या आत कुणीतरी वाकडं होऊन दारात उभं असायचं. गुळाचा खडा, शेंगा, कधी पेरू अशी फी मिळायची. काय ऐट होती माझी! तेवढी पुढं डिग्री मिळाल्यावरही आली नाही.

तात्यांचा पानमळा होता. विड्याच्या पानांचे वाढलेले वेल दरवर्षी खाली उतरवून मातीत पुरायचे, म्हणजे कितीतरी दिवस कंबर वाकलेली. मग त्यांची पाठ धरायची आणि मला बोलावणं यायचं. ते सोप्यात, घराच्या आतल्या ओसरीत, पालथे झोपायचे आणि मी पाठीवर पाय ठेवायची. एरवी आम्हा बौद्ध वस्तीतल्या माणसांना त्या घराच्या उंबऱ्याआत जायची सोय नव्हती. आई धुसफुसायची. "पाय चालतो त्यास्नी. हातचं पानी न्हाय चालत." गुळापुढं मला ते तेव्हा कळायचं नाही. पुढं कळलं, रागही आला. तरी तो सोपा आठवला की अजून जिभेवर गूळ येतो, त्याला मी काय करू?

या वेळी तात्यांनी पानांची भरलेली करंडी एका झटक्यात उचलून टेंपोत टाकली होती. आधी कंबरेत चमक, मग डाव्या पायात कळ. दोन दिवस त्यांनी तेल चोळून काढले. सोबत आलेल्या काकी, म्हणजे त्यांची बायको, दबक्या आवाजात म्हणाल्या, "आज सकाळपास्नं लगवीला न्हाय झालं. पानीबी प्यायनात."

मी टेबलाजवळ वाकले. "तात्या, बसायच्या जागेला हात लावलेला कळतो का?"

"न्हाय. बधिर झालंया."

दोन मणक्यांच्या मधे गादी असते. ती सरकून एखादी नस दाबली गेली, तर पाय दुखतो. बहुतेक वेळा विश्रांती आणि व्यायामावर भागतं. पण खालच्या नसांचा अख्खा जुडगाच दाबला गेला, तर लघवीवरचा ताबा जातो. मग माझ्या व्यायामांचा उपयोग नाही. ऑपरेशनच लागतं, आणि तेही ताबडतोब.

आमचे हाडांचे सर तपासून बाहेर आले. "ॲम्ब्युलन्स उभी आहे. पुण्याला फोन झालाय. पण पेशंटच नाही म्हणतात."

"उद्या गेले तर?"

"उद्याची हमी मी देणार नाही. पाय लुळा राहील, लघवीची नळी जन्माची होईल. तुमच्या गावचे आहेत ना? बघा काही जमतंय का."

मी आत गेले, सर मागोमाग आले. तात्या ठाम होते. "मनक्याचं आप्रेशन केल्यालं मानूस पुन्हा उठत न्हाय. तू मला धा येळा बरं केलंस. अकरावी येळ कर."

खरं तर मी त्यांना एकदाही बरं केलं नव्हतं. साधी उसण चार दिवसांत आपोआप उतरते. श्रेय आणि गूळ मी खाल्ला होता. आता तेच अंगाशी आलं होतं, आणि तेही त्यांच्या. मला स्वतःचीच चीड आली.

"बरं," मी म्हटलं. "लावते पाय. उताणे व्हा."

"पाठीला लावत्यात की."

"पायाळू कोण? तुम्ही का मी?"

काकींनी आणि सरांनी त्यांना उताणं केलं. मी चप्पल काढली, टेबलाच्या पायथ्याशी उंच स्टुलावर बसले आणि त्यांच्या उजव्या तळपायाला माझा तळपाय भिडवला. "ढकला." त्यांनी असं रेटलं की मी स्टुलासकट मागं सरकले. तात्या खूश झाले. मग मी डाव्या पायाला पाय लावला. "ढकला."

"ढकलतोय की."

काहीच हललं नाही.

"ढकला, तात्या."

काकींनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी मान उचलून आपल्याच पायाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हा पाय हातचा चाललाय तात्या," मी म्हटलं. "माझ्या पायाच्यानं एवढंच होतं. तुम्हाला दाखवता आलं."

त्यांनी मान परत खाली टेकवली. मग म्हणाले, "तू येशील का संगं?"

मी गेले. पुण्यात ऑपरेशन त्याच दिवशी झालं, सरकलेला तुकडा निघाला. पायात हळूहळू ताकद आली. नळी मात्र बरेच दिवस होती. वजन उचलताना गुडघ्यात वाकायचं, ओझं अंगालगत धरायचं, हे त्यांना शिकवता शिकवता माझा घसा बसला.

तीन-चार महिन्यांनी तात्या काठी टेकत एसटीनं आले. हातात पानांची जुडी. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "पोरी, पानी दे."

मी माझ्या माठातलं दिलं. गटागटा प्यायले. "आनखी." तेही संपवलं. मग नुसते बसून राहिले. जेवायची वेळ झाली तरी हलेनात. शेवटी उठले, "मोरी कुठं हाय?" विचारून गेले, आणि दारातूनच ओरडत आले, "झाली! आपली आपण झाली! नळी न्हाय, कायबी न्हाय!"

अख्खं डिपार्टमेंट हसलं. मीही हसले आणि डोळे पुसले.

पाठ दुखली म्हणून घाबरू नका, हे मी आजही पेशंटना सांगते. पण बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर कुणाचाही पाय शोधत फिरू नका. माझा तर नाहीच.

त्या रविवारी मी ती पानं घेऊन आईकडं गेले, सगळं सांगितलं. तिनं पानाला चुना लावता लावता हात थांबवला.

"तुझ्या हातचं दोन गिलास प्याला?"

"दोन."

आईनं पान दुमडून तोंडात टाकलं. "मंग आता पायाला सुट्टी दे," म्हणाली.