काकांचा जाड फिल्टर

श्रीपतकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. माणूस कष्टाळू, पण हट्टी इतका की देवानेही हात टेकावेत. यंदा उन्हाळ्यात पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत त्यांनी एसी बसवला, तो स्वतःसाठी नव्हे. मुंबईची त्यांची नात, अंकिता, दम्याची. गेल्या मे महिन्यात इथे तिला धाप लागली, तेव्हा काकांचा मुलगा किरण बजावून गेला होता की पुन्हा असं झालं तर पोरीला गावी आणणार नाही. आणि काकांना तर नातीपलीकडे जग नाही.

एसीचा फिल्टर निवडायला ते मला घेऊन महाडला गेले. दुकानदाराने समजावलं की आतली जाळी वेळच्या वेळी धुतली तरी पुरे, फार तर वरून एक पातळ फिल्टर लावा. जाड घेतलात तर हवाच बाहेर येणार नाही. भोपळ्यापासून बैलापर्यंत सगळं दाबून बघून घ्यायची काकांची सवय. त्यांनी फिल्टरही दाबून बघितले आणि गोधडीसारखा जाड होता तोच उचलला.

व्हायचं तेच झालं. एसी नुसता घरघरायचा, वारा येईना. खोली तापली तशी काकांनी खिडकी उघडली. आणि खिडकीखाली काय, तर त्यांचा राब. पावसाआधी रोपांची जागा पाला आणि शेण घालून भाजायची ही आमच्याकडची रीत, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काका त्यात गावचा उकिरडा ओततात. फाटकी ताडपत्री, तुटके पाइप, गुटख्याच्या पुड्या, एकदा तर रबरी चपला. झटकन पेट घेतं म्हणे. तो काळा, चिकट, घशात बसणारा धूर थेट खिडकीतून आत यायचा. मी त्यावरून भांडलो तर म्हणाले, "आता फिल्टर हाय ना रे." आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, दुसरं काय!

किरण अंकिताला सोडून गेला. रोज सकाळी काका फिल्टर काढून दारात धुवायला बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते काळं पाणी कौतुकाने दाखवत. बघा, केवढी घाण अडवली. पोरगी नाकाशी रूमाल धरून शेजारी उकिडवी बसायची. मला त्या कौतुकाची किळस यायची.

आठवडाही झाला नाही. एका दुपारी राब पेटलेला असताना अंकिताचा श्वास अडकला. मी रिक्षा करून तिला महाडच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. दुसऱ्या दिवशी किरण आला, भांडला नाही, मुकाट्याने तिची पिशवी भरू लागला. काका मात्र दुकानदाराला शिव्या घालत होते, फिल्टर बोगस दिला म्हणून. एवढं होऊनही!

गाडीत बसण्याआधी अंकिता त्यांच्याजवळ आली आणि तिने आपला पांढरा रूमाल त्यांच्या हातात ठेवला. त्यावर नाकपुड्यांएवढे दोन काळे डाग होते.

"आजोबा, माझा पण फिल्टर धुवा."

गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली. काका न्हाणीच्या दगडावर बसून रूमाल घासत राहिले. साबण झिजला, डाग होते तसेच.

"निघत नाय रे," ते म्हणाले.

मागे राबात ताडपत्री अजून धुमसत होती.